संमतीची भाषा : मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या औषधचाचण्या आणि चंडीगढचा बहुभाषिक रुग्ण

भाषांतराचा विचार आपल्याकडे बहुधा ललित वाङ्मयाच्या अंगाने होतो. कवितेतील लय दुसऱ्या भाषेत उतरते की नाही, कादंबरीतील बोलीचे काय करावे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु एक गद्यप्रकार असा आहे, की ज्याचे भाषांतर भारतात सतत होत असते आणि ज्याकडे साहित्याचे अभ्यासक क्वचितच पाहतात. हा प्रकार म्हणजे औषधचाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णापुढे ठेवले जाणारे माहितीपत्रक व संमतीपत्र. त्यातील एखादा शब्द चुकला, तर रसहानी होत नाही. पण स्वतःच्या शरीराविषयी माणूस जो निर्णय घेतो, त्याचा पाया मात्र ढासळतो. प्रस्तुत लेखात या गद्यप्रकाराचा विचार एका विशिष्ट रोगाच्या आणि एका विशिष्ट शहराच्या संदर्भात केला आहे. रोग म्हणजे मधुमेहामुळे होणारा मूत्रपिंडाचा विकार, शहर चंडीगढ.

चंडीगढची निवड सहेतुक आहे. तेथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था १९६२ साली स्थापन झाली आणि १९६७ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. भारतातील मूत्रपिंडरोगशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या डॉ. किरपालसिंग चुघ यांनी याच संस्थेत या शास्त्राच्या विभागाची उभारणी केली. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि जम्मू-काश्मीर येथून रुग्ण या संस्थेत येतात. त्यांच्या बोलण्यात पंजाबी, हरियाणवी, कांगडी, डोगरी, हिंदी अशा अनेक भाषा असतात. आणि या केंद्रशासित प्रदेशाची राजभाषा मात्र इंग्रजी आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रव्यापी मधुमेह-पाहणीत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात चंडीगढमधील मधुमेहाचे प्रमाण १३.६ टक्के, तर महाराष्ट्रातील ८.४ टक्के आढळले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण निष्कर्षांत चंडीगढचा आकडा २०.४ टक्के आहे, गोव्याचा २६.४ टक्के हा आकडा देशात सर्वाधिक आहे. तेव्हा हा प्रश्न एका दूरच्या शहराचा, असे समजून मराठी वाचकाला त्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

रोगाचे स्वरूप थोडक्यात असे. प्रत्येक मूत्रपिंडात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे लक्षावधी गुच्छ असतात. तेच रक्ताची गाळणी करतात. रक्तातील साखर व रक्तदाब दीर्घकाळ वाढलेले राहिले, की या गाळण्या प्रथम सैल होतात आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीवाटे जाऊ लागते. पुढे त्या निबर होऊन बंद पडतात. मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडातील वैशिष्ट्यपूर्ण गाठींचे वर्णन किमेलस्टील व विल्सन यांनी १९३६ साली केले. या विकाराचा खरा धोका त्याच्या मौनात आहे. आरंभीची अनेक वर्षे काहीच दुखत नाही. पायांवर सूज येते, अन्नावरची वासना जाते, तेव्हा बहुतेक गाळण्या गेलेल्या असतात. म्हणून लघवीतील अल्ब्युमिनची आणि रक्तातील क्रिॲटिनिनची तपासणी हीच या रोगाची वाचा होय. ज्याला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही, त्याच्यापुढे चाचणीत सहभागी होण्याचा प्रश्न येतो. संमतीची पहिली अडचण येथेच सुरू होते.

या रोगावरील औषधांचा इतिहास म्हणजे चाचण्यांचाच इतिहास होय. १९९३ मध्ये इन्सुलिनावलंबी मधुमेहाच्या ४०९ रुग्णांवरील चाचणीत कॅप्टोप्रिल या औषधाने मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो, असे सिद्ध झाले. २००१ मध्ये प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाविषयी दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या : लोसार्टनची १,५१३ रुग्णांवरील आणि इर्बेसार्टनची १,७१५ रुग्णांवरील. त्यानंतर जवळजवळ दीड तप नवे असे फारसे काही हाती लागले नाही. २०१९ साली ४,४०१ रुग्णांच्या ‘क्रेडेन्स’ चाचणीने कॅनाग्लिफ्लोझिनची उपयुक्तता दाखवली. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन व फिनेरेनोन आणि २०२४ मध्ये ३,५३३ रुग्णांच्या ‘फ्लो’ चाचणीने सेमाग्लुटाइड ही औषधे त्या मालिकेत आली.

ही केवळ यशाची यादी नव्हे. बार्डोक्सोलोन या औषधाने रक्तचाचणीतील आकडे सुधारत होते. मूत्रपिंडांचे काम वाढल्यासारखे दिसत होते. २,१८५ रुग्णांच्या ‘बीकन’ चाचणीत मात्र ते घेणाऱ्यांमध्ये हृदय निकामी होण्याचे प्रमाण अधिक आढळले आणि २०१२ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. एलिस्किरेन हे औषध जुन्या औषधांच्या जोडीला देऊन पाहणारी ८,५६१ रुग्णांची चाचणीही २०११ च्या अखेरीस अशीच थांबवण्यात आली. आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन गोष्टी भिन्न असू शकतात, हे या दोन उदाहरणांवरून दिसते. चाचणी आवश्यक असते ती याच कारणासाठी. आणि तिच्यात सहभागी होणारा खरी जोखीम पत्करतो, हेही याच कारणाने खरे.

सर्व संशोधन म्हणजे चाचणी नव्हे, हाही भेद स्पष्ट असावा. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या भारतीय रुग्णांचा जो बहुकेंद्री अभ्यास चंडीगढच्या संस्थेच्या संयोजनाखाली सुरू झाला, तो निरीक्षणात्मक आहे. त्यात रुग्णांचे नेहमीचे उपचार चालू राहतात आणि संशोधक वर्षानुवर्षे नोंदी ठेवतात. याउलट याच संस्थेतून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० रुग्णांपैकी काहींना ड जीवनसत्त्वाची मोठी मात्रा व काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय मात्रा देऊन रक्तवाहिन्यांच्या कार्यावरील परिणाम तपासला होता. ही खरी चाचणी. विशेष म्हणजे मधुमेह नसलेल्या रुग्णांनाच तिच्यात प्रवेश होता. प्रवेशाच्या अटी रुग्णाच्या गरजेवरून ठरत नाहीत, संशोधनाच्या प्रश्नावरून ठरतात. ‘क्रेडेन्स’मध्येही गाळणीचा वेग ठरावीक मर्यादेत असलेले आणि लघवीत अल्ब्युमिन बरेच जाणारे रुग्णच घेतले होते. ज्याची मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली आहेत, त्याला अशा चाचणीत जागा नसते. ‘मला का घेतले नाही?’ या प्रश्नामागे पुष्कळदा अन्यायाची भावना असते. ती दूर करणे हेही माहितीपत्रकाचेच काम आहे.

आता कायद्याकडे वळू. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ ची हेलसिंकी घोषणा ही या विचाराची जागतिक पार्श्वभूमी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मानवी संशोधनाच्या नीतीविषयी आपले पहिले धोरणनिवेदन १९८० साली प्रसिद्ध केले. २००७ मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची आगाऊ नोंदणी तीत सक्तीची झाली. चाचण्यांतील मृत्यू व नुकसानभरपाई यांचा प्रश्न २०१२ मध्ये जनहितयाचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यानंतर नियम कडक होत गेले. सध्या लागू आहेत ते २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सा-चाचणी नियम. रुग्णाला समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत माहिती लेखी द्यावी. संमती न दिल्याने वा मध्येच बाहेर पडल्याने त्याच्या उपचारांवर परिणाम होऊ नये. चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई मिळावी. निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत निष्पक्ष साक्षीदार संपूर्ण वेळ हजर असावा. ही त्यांतील काही मुख्य बंधने. नवीन रासायनिक द्रव्याच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील व्यक्तींच्या संमतीचे ध्वनिचित्रमुद्रणही आवश्यक आहे.

‘समजेल अशी भाषा’ असे नियम म्हणतो. ती कशी घडवावी, हे तो सांगू शकत नाही. येथून पुढचा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचा आहे.

प्रथम ‘प्रयोग’ हा शब्द घ्यावा. मराठीत तो शास्त्रज्ञाचा आहे, नटाचा आहे आणि वैयाकरणाचाही आहे. हिंदीत मात्र ‘दवा का प्रयोग’ म्हणजे सामान्यतः औषधाचा वापर. चंडीगढसारख्या ठिकाणी मराठी सैनिकाच्या वा नोकरदाराच्या कुटुंबाला हिंदी पत्रक मिळाले, तर त्याच शब्दाने मराठी मनात धास्ती निर्माण होईल आणि हिंदी वाचकाच्या मनात काहीच होणार नाही. दोन्ही परिणाम अनिष्ट होत. पहिल्यात भीती अवास्तव, दुसऱ्यात सावधता अपुरी. ‘चाचणी’ हा मराठी शब्द त्या मानाने सौम्य आहे. पण तो शाळेतल्या परीक्षेचा आणि रक्ततपासणीचाही वाचक असल्याने, येथे चाचणी औषधाची आहे, रुग्णाची नव्हे, हे वाक्यात स्पष्ट सांगावे लागते. अवयवाच्या नावाचेही तेच. परिभाषेतील ‘वृक्क’ शुद्ध खरा. पण पंजाबी शेतकरी ‘गुरदा’ म्हणतो, मराठी शेतकरी ‘किडनी’ म्हणतो, आणि दोघेही मधुमेहाला ‘शुगर’ म्हणतात. परिभाषाकोश ग्रंथासाठी असतो. संमतीपत्र त्या रुग्णासाठी असते.

दुसरा शब्द ‘यादृच्छिक’. कोणाला नवे औषध व कोणाला निष्क्रिय गोळी मिळेल, हे डॉक्टर ठरवत नाहीत. ते केवळ योगायोगावर सोडलेले असते. ‘यदृच्छा’ हा शब्द प्राचीन आहे. श्वेताश्वतर उपनिषदात जगाच्या कारणांची चर्चा करताना काल, स्वभाव, नियती यांच्याबरोबर यदृच्छेचाही निर्देश येतो. म्हणजे नियती आणि यदृच्छा वेगळ्या, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. व्यवहारात मात्र ही सीमारेषा पुसट आहे. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा ते योगायोगाचे साधन नसते. तो देवाचा निर्णय असतो. म्हणून ‘कौल’ हा शब्द ऐकायला कितीही घरगुती वाटला, तरी येथे त्याज्य आहे. ‘चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे’ हे अधिक प्रामाणिक वर्णन होय. आपल्या वाट्याला आलेली गोळी आपल्या हिताचा विचार करून निवडलेली नाही, हे कळणे संमतीच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.

तिसरा शब्द ‘प्लासिबो’. याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. लॅटिन भाषेत याचा अर्थ ‘मी संतुष्ट करीन’. मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेचा आरंभ या शब्दाने होई; त्यावरून खोटे दुःख दाखवून लाभ उठवणारा, खुशमस्कऱ्या, असा अर्थ त्याला चिकटला आणि चॉसरने एका तोंडपुज्या पात्राचे नावच प्लासिबो ठेवले. वैद्यकात तो नंतर आला. मराठीत त्यासाठी ‘छद्मौषध’, ‘आभासी औषध’ असे पर्याय सुचवले जातात. पहिल्यात फसवणुकीचा वास आहे. ‘खोटे औषध’ म्हटले तर भेसळीचाच संशय येतो. वस्तुतः येथे फसवणूक नाही, कारण ही शक्यता आधीच सांगितलेली असते. ‘तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’ एवढे शब्द खर्च करावेत. शिवाय एक गोष्ट जोडून सांगावी : निष्क्रिय गोळी म्हणजे उपचार बंद, असे नव्हे. ‘क्रेडेन्स’मधील दोन्ही गटांना रक्तदाबाच्या प्रस्थापित वर्गातील औषधे चालूच होती, कॅनाग्लिफ्लोझिन वा निष्क्रिय गोळी त्यांच्या जोडीला होती.

चौथा शब्द सर्वांत अनर्थकारक : ‘दुहेरी अंध चाचणी’. कोणाला कोणती गोळी मिळते, हे रुग्णाला वा डॉक्टरला ठाऊक नसते, एवढाच याचा आशय. पण मधुमेह डोळ्यांतील पडद्याच्या रक्तवाहिन्याही बिघडवतो, आणि मूत्रपिंड व दृष्टी यांची हानी पुष्कळदा बरोबरीने होते. दृष्टी जाण्याचे भय बाळगणाऱ्या माणसापुढे ‘अंध चाचणी’ हे शब्द ठेवणे म्हणजे शब्दशः भाषांतराचा क्रूर विनोद होय. ‘दुहेरी गुप्तता’ हा पर्याय निर्दोष नसला, तरी निरुपद्रवी आहे.

आकड्यांचीही एक भाषा असते. ‘क्रेडेन्स’मध्ये मुख्य धोका ३० टक्क्यांनी कमी झाला, हे विधान खरे आहे. ऐकणारा मात्र शंभरांतील तीस जण वाचले, असे समजतो. प्रत्यक्षात दर हजार रुग्णांमागे वर्षाला निष्क्रिय गोळीच्या गटात सुमारे ६१ जणांना आणि औषधाच्या गटात सुमारे ४३ जणांना मूत्रपिंड निकामी होणे, क्रिॲटिनिन दुप्पट होणे वा मूत्रपिंडाच्या अथवा हृदयाच्या विकाराने मृत्यू, यांपैकी काही ना काही झाले. म्हणजे फरक हजारी अठरांचा. हा फरक क्षुल्लक नाही. पण तो ज्या रूपात सांगितला जाईल, त्यावर आशा किती धरायची हे ठरते.

शब्दांपलीकडे वाक्यरचनेचा प्रश्न येतो. ‘मला सर्व माहिती समजावून सांगण्यात आली आहे’ हे कर्मणी वाक्य संमतीपत्रात सर्रास आढळते. ते सांगणाऱ्याच्या कृतीची नोंद करते. ऐकणाऱ्याच्या आकलनाची नव्हे. ‘मला समजले आहे’ हे वाक्य वेगळे, आणि ‘मला काय समजले ते मी माझ्या शब्दांत सांगितले’ हे आणखी वेगळे. तसेच ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा भेद. ‘या औषधाचा परिणाम आपण पाहणार आहोत’ यात रुग्ण संशोधकांच्या बाजूला ओढला जातो. ‘आम्ही पाहणार आहोत’ यात तो वेगळा राहतो आणि नाही म्हणायला मोकळा राहतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद दिसत नाही. मराठी भाषांतरकाराला तो निवडावाच लागतो, आणि ही निवड नैतिक आहे. ‘माघार घेणे’ या शब्दप्रयोगात पराभवाची छटा आहे. ‘केव्हाही बाहेर पडू शकता’ असे म्हटले, की ती जाते.

संमती या कल्पनेचाच इतिहास पाहिला, तर आपल्या भाषा या बाबतीत दरिद्री नाहीत असे दिसते. पंजाबीत ‘रज़ामंदी’ हा शब्द आहे. त्यातील ‘रज़ा’ शीख भक्तिपरंपरेत ईश्वरेच्छेचा वाचक आहे, त्यामुळे त्या शब्दात स्वीकाराचा, नमते घेण्याचा सूर मिसळतो. तोच अरबी शब्द मराठीत ‘रजा’ होऊन परवानगी व सुट्टी या अर्थांनी स्थिरावला आणि ‘राजी’ याच कुळातला. मराठी दस्तऐवजात ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ लिहून देण्याची जुनी पद्धत आहे. या सूत्रात स्वेच्छा आणि निर्णयक्षमता या आधुनिक संमतीच्या दोन अटी आधीच आलेल्या आहेत. उणीव आहे ती तिसरीची, म्हणजे पुरेशा माहितीची. जमीन विकणाऱ्याला आपली जमीन ठाऊक असते; औषधचाचणीत सहभागी होणाऱ्याला औषध ठाऊक नसते, किंबहुना संशोधकालाही ते पूर्ण ठाऊक नसते. म्हणून जुन्या सूत्रात ‘माहितगारीने’ या शब्दाची भर घालावी लागते.

याउपरही एक अडचण उरते. १९८२ मध्ये ॲपलबाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘उपचाराचा गैरसमज’ ही कल्पना मांडली : संशोधनात सहभागी होणारा रुग्ण, येथे जे काही केले जाते ते माझ्याच भल्यासाठी निवडलेले आहे, असे मानून चालतो. दूरच्या गावाहून रात्रभर प्रवास करून मोठ्या रुग्णालयात आलेला माणूस ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणाल तसे’ असे म्हणतो, तेव्हा त्यात विश्वास असतो, आदर असतो, आणि पुढल्या भेटीला आपल्याला कोणी ओळखेल ही आशाही असते. हे उद्गार संमतीचे आहेत की शरणागतीचे, हे कागदावरच्या अंगठ्यावरून कळत नाही. त्यासाठी वेळ द्यावा लागतो. पत्रक घरी नेऊ द्यावे लागते. मुलगा, सून, भाऊ यांच्याशी बोलू द्यावे लागते. कुटुंबाचा सल्ला घेणे म्हणजे स्वातंत्र्य गमावणे नव्हे. पण सही मात्र त्याचीच हवी, ज्याचे शरीर आहे.

सहभागी होऊ इच्छिणाऱ्याने कोणते प्रश्न विचारावेत, हे यावरून स्पष्ट होते. आज प्रस्थापित असलेली औषधे मला चाचणीच्या काळातही मिळणार का? निष्क्रिय गोळी मिळण्याची शक्यता किती? रक्तातील पोटॅशियम, रक्तदाब, जंतुसंसर्ग यांवर लक्ष कोण ठेवणार, आणि रात्री त्रास झाल्यास फोन कोणाला करायचा? येण्याजाण्याचा खर्च मिळणार का? चाचणी संपल्यावर गुणकारी ठरलेले औषध मला मिळेल का? ही चाचणी राष्ट्रीय नोंदवहीत आहे का? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर सहभाग हा केवळ धोका राहत नाही. ज्या औषधांनी आज अनेकांचे डायलिसिस लांबणीवर पडते, ती औषधे आधीच्या सहस्रावधी रुग्णांनी दिलेल्या संमतीतूनच सिद्ध झाली. २०२० च्या डापाग्लिफ्लोझिन चाचणीतील २१ देशांत भारतही होता. आपल्या लोकांवर तपासलेच गेले नाही, तर ते औषध आपल्याला किती लागू पडते हे परक्यांच्या आकड्यांवरून ताडावे लागते.

२०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांपैकी किमान निम्मे त्या संस्थेशी संबंधित नसावेत, आणि त्यांत एक सामान्य नागरिक तसेच समाजशास्त्र, तत्त्वज्ञान वा तत्सम क्षेत्रातील एक व्यक्ती असावी, अशी अपेक्षा आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथे प्रवेशद्वार आहे. मूळ इंग्रजी पत्रकाचे पंजाबी, हिंदी वा मराठी रूप वाचून त्यातील ‘अंध’, ‘छद्म’, ‘माघार’ यांसारखे शब्द टिपणे, कर्मणी वाक्ये मोडून कर्तरी करणे, आणि ते रूप एखाद्या निरक्षर व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवून तिला काय समजले ते ऐकणे, ही कामे वैद्यकाच्या पदवीशिवाय करता येतात. भाषेच्या जाणिवेशिवाय करता येत नाहीत. नामदेवांची वाणी पंजाबात रुजली आणि गुरू ग्रंथसाहिबात तिला स्थान मिळाले, याचा अभिमान मराठी माणूस बाळगतो. ऐकणाऱ्याला कळेल अशा रीतीने बोलणे, हा त्या संतपरंपरेचा दंडक होता. रुग्णालयातील कागदाकडूनही तेवढीच अपेक्षा आहे.